बंद खोलीचा वास

बरेच महिने कुलपात राहिलेली खोली उघडली की आधी तिचा वास बाहेर येतो, मग आपण आत जातो. भिंतीत मुरलेली ओल, चुन्याचे सुटलेले पापुद्रे, फडताळात अंथरलेलं पिवळं वर्तमानपत्र, मोरीची कोरडी पडलेली जाळी, कोपऱ्यात कुणीतरी कधीतरी टाकलेल्या डांबराच्या गोळ्या, या सगळ्यांचा मिळून एक वास. त्यात गेलेल्या माणसांचाही अंश असतो. तेल लावलेलं डोकं टेकून टेकून भिंतीवर उमटलेला काळपट डाग, उदबत्तीच्या धुराने काळवंडलेला कोनाडा, दाराच्या चौकटीवर पोराची उंची मोजत गेलेल्या पेन्सिलीच्या रेघा. मला हा वास कधी वाईट वाटला नाही. आजही एखाद्या इमारतीचा जिना चढताना कुठल्याशा बंद दाराच्या फटीतून तो आला की पाऊल आपोआप मंदावतं, आणि मन मुंबईत खोली शोधत हिंडण्याच्या त्या पावसाळ्यात जाऊन पोचतं. तिथेही ते ठरत नाही. आणखी मागे जातं, थेट पंचवटीतल्या वाड्याच्या माडीवर.

त्या वाड्यात आम्ही भाडेकरू होतो. वाडा तीर्थोपाध्यायांचा. पुढच्या ओसरीवर गुरुजींची बैठक, मधल्या खोल्यांत त्यांचा संसार, मागच्या दोन खोल्यांत आम्ही, परसाकडे आणखी एक बिऱ्हाड, आणि वरची माडी यजमानांसाठी राखून ठेवलेली, म्हणून एरवी बंद. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. कुणी दूरगावाहून गंगेवर विधीसाठी यायचं असलं की मालकीणबाई, ज्यांना आम्ही मुलं काकू म्हणायचो, आदल्या संध्याकाळी कमरेची किल्ली काढून जिना चढत, आणि मी त्यांच्या मागे मागे. कुलूप निघायचं, दार करकरायचं आणि तो वास अंगावर यायचा. काकू पदर नाकाला न लावता सरळ आत जात, गंगेच्या बाजूची खिडकी उघडत आणि म्हणत, "खोलीला जरा श्वास घेऊ दे गं." मग मी केरसुणी घ्यायची, त्या सारवायला बसायच्या. रात्रीपर्यंत जुना वास जाऊन ओल्या शेणाचा, धुपाचा आणि घोंगड्यांचा नवा वास माडीवर भरलेला असे. तो मला सणाचा वाटायचा. कुणीतरी येणार, आपल्या वरच्या खोलीत दिवा लागणार.

पावसाळ्यात कधी कधी माडी आमच्यासाठीही उघडली जायची. गंगेवरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी चढलं की घाटालगतची बिऱ्हाडं सामान बांधायला लागत, छातीपर्यंत आलं की काकू कुणी न सांगताच माडीचं कुलूप काढून ठेवत, आणि मग मालक, भाडेकरू, परसाकडचं बिऱ्हाड, सगळे वर. त्या रात्रींत खोलीचा वास जायला वेळच मिळायचा नाही. आम्ही त्या वासातच शेजारी शेजारी निजायचो, खाली पाण्याचा घोष ऐकत. आईच्या कुशीला झोपताना मला भीती वाटल्याचं आठवत नाही. वरची खोली आहे, एवढं पुरेसं होतं.

आणि यजमान यायचे तेव्हाचं ते ओसरीवरचं दृश्य. मंडळी टेकली, पाणी प्यायली की गुरुजी पहिला प्रश्न विचारत, "गाव कोणतं? आडनाव काय?" उत्तर मिळालं की लाल बासनात बांधलेल्या लांबट चोपड्यांमधली एक नेमकी खाली यायची, पानं उलटली जायची, आणि त्या माणसाच्या आजोबांची, कधी पणजोबांची मोडीतली सही समोर यायची. डोक्याला मुंडासं, काखेत अस्थींचं गाठोडं, असा शेतावरून सरळ उठून आलेला एक म्हातारा त्या सहीवरून बोट फिरवत बसलेला मला अजून दिसतो. त्याला वाचता येत नव्हतं. बोट मात्र त्या अक्षरावरून हलत नव्हतं. गुरुजी काकूंकडे बघून नुसतं "वर" म्हणाले आणि किल्ली निघाली. मुक्काम किती, दक्षिणा काय, हे सगळं दुसऱ्या दिवशी, रामकुंडावरून आल्यावर. गाव सांगितलं की दार उघडतं, असं माझ्या बालपणाने मला शिकवलं होतं.

मग फोर्टातल्या एका कचेरीत नोकरी लागली आणि मी मुंबईला जाऊ लागले.

मुंबई हे बेट आहे, एक नव्हे सात, हे शाळेत भूगोलात घोकलेलं होतं. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. मधल्या खाड्या बुजवून, भराव घालून ती एकमेकांना सांधलेली. पण बेट असणं म्हणजे काय ते खोली शोधायला लागल्यावर कळलं. आमचं नाशिक हवं तिकडे पसरतं. सातपूरला जावं, पाथर्डी फाट्याला जावं, आडगावच्या रस्त्याला लागावं, जमीन आपली पुढे आहेच. मुंबईला तीन बाजूंनी समुद्र. तिला वाढायला एक उत्तर दिशा तेवढी मोकळी, आणि माझ्या पगाराला झेपेल अशी खोली त्या एकाच दिशेने पुढे पुढे सरकत जायची. गिरगावात विचारावं तर बोट दादरकडे, दादरला विचारावं तर घाटकोपरकडे, मग ठाणं, डोंबिवली, कल्याण, टिटवाळा. आणि रूळ तर तिथेही थांबत नाहीत. आसनगाव, कसारा, पुढे घाट, घाटाच्या माथ्यावर इगतपुरी, आणि मग आलंच की आमचं नाशिकरोड.

थट्टेत नाही सांगत. शेकडो नाशिककरांनी मुंबईतल्या खोलीच्या प्रश्नाला हेच उत्तर काढलं, आणि अजूनही काढतात. १९७५ साली पंचवटी एक्स्प्रेस सुरू झाली ती यांच्यासाठी नुसती गाडी राहिली नाही. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडला चढायचं, व्हीटीला उतरून कचेरी गाठायची, संध्याकाळी परत तीच गाडी, आणि घरी पोचेपर्यंत मुलं झोपलेली. एका बाजूचे १८० किलोमीटरहून जास्त. मासिक पास काढून वर्षानुवर्षं. सुरुवातीला मीही त्यांच्यातली एक होते. इगतपुरीला इंजिन बदलायला गाडी थांबली की डब्यात कुणाच्या मुलीचं लग्न ठरल्याचे पेढे फिरायचे, कुणाच्या निवृत्तीचा हार, नव्या मुलीला खिडकीची जागा. बायका भाजी निवडायच्या, मेथीच्या जुड्या संपेपर्यंत कसारा यायचं. त्या माणसांविषयी माझ्या मनात अपार माया आहे. त्यांनी भाडं दिलं ते झोपेचं, आणि मुलांच्या बालपणाचं. ते कुठल्या पावतीवर येत नाही म्हणून ते स्वस्त, असं मला कधीच म्हणता आलं नाही. थंडीतल्या एका पहाटे फलाटावर उभी असताना मला चक्कर आली आणि आई म्हणाली, "बास. तिकडेच बघ कुठेतरी."

मग तो पुढचा पावसाळाभर मी बंद खोल्या उघडताना पाहिल्या.

दलालाच्या हातात किल्ल्यांचा जुडगा असायचा, प्रत्येकीला सिगारेटच्या पाकिटाचा तुकडा दोऱ्याने बांधलेला, त्यावर खोलीचा नंबर. जिन्यात अंधार असायचा. तो एकेक किल्ली डोळ्यांजवळ नेऊन वाचायचा, कुलूप गंजलेलं असलं की खिशातून छोटी तेलाची बाटली काढायचा, आणि दार उघडताच माझ्या तोंडाकडे बघायचा. मी आधी श्वास घ्यायची. गिरगावातल्या चाळीच्या खोलीत सागवानी लाकडाचा आणि समुद्राच्या खाऱ्या ओलीचा वास होता. परळकडची एक खोली गिरणीच्या कापसाची होती. गिरणी कामगारांच्या संपाला वर्षं लोटली होती, गिरण्यांचे भोंगे थांबले होते, तरी गजांच्या सांद्यांत पांढरे धागे तसेच आणि वास तसाच. डोंबिवलीच्या नव्या इमारतीत ओल्या सिमेंटचा. घाटकोपरच्या एका वन रूम किचनमध्ये भिंतीवर कालनिर्णय लटकत होतं, तीन वर्षांपूर्वीच्या मार्च महिन्यावर उघडं. त्यावर रोजच्या चौकोनात कुणीतरी पेनने दुधाचा हिशेब लिहिला होता. अर्धा, अर्धा, एक, अर्धा. सतरा तारखेला 'नको'. पुढचे चौकोन कोरे. त्या 'नको'पाशी मी फार वेळ उभी राहिले. ते लोक कुठे गेले असतील? त्यांना कुठे घर मिळालं असेल का? दलाल म्हणाला, "मॅडम, डिपॉझिट थोडं जास्त आहे, पण खोली लकी आहे." डिपॉझिट माझ्या वडिलांच्या वर्षाच्या पगाराएवढं होतं.

आणि प्रश्न. "गाव कोणतं?" इथेही पहिला तोच. "आडनाव काय?" दुसराही तोच. पण पुढे कुठली चोपडी उघडत नसे. उलट आडनाव ऐकताना समोरच्या माणसाचे डोळे किंचित बारीक व्हायचे, मग जेवणाचं विचारलं जायचं, मासे-मटण करणार का, मग एकटी का, लग्न का नाही, रात्री किती वाजता येणार, कोण कोण भेटायला येणार. "आम्हाला फॅमिली हवी." ओसरीवर जे विचारून दार उघडायचं, तेच विचारून जिन्यात दार मिटायचं. माझं आडनाव तर पुष्कळ ठिकाणी चालून गेलं असतं. ज्यांचं जिन्यातच अडतं, धर्मावरून, जातीवरून, ते किती बिल्डिंगींच्या फाटकांवरून परत गेले असतील याचा विचार मला आजही अस्वस्थ करतो. माणसाला राहायला जागा नाकारण्यासारखं निर्दय थोडंच काही असतं.

त्या काळात एका वकिलांच्या घरी मी खोलीसाठी गेले होते. खोली मिळाली नाही, चहा मिळाला, आणि एवढी घरं बंद का याचं उत्तर मिळालं. १९४७ च्या भाडे कायद्याने मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. युद्धानंतरची टंचाई होती, फाळणीचे निर्वासित येत होते, भाडेकरूला आधार हवाच होता, आणि आमच्या वाड्यातलं आमचं भाडंही त्याच पुण्याईवर काही रुपयांत राहिलं होतं. पण वर्षं गेली, कायदा पुन्हा पुन्हा वाढवला गेला, भाडी तिथेच. मालकाला डागडुजी परवडेना, भाडेकरू जागा सोडेना, आणि मधून पागडी वाहू लागली, उघड बोलायची नाही अशी रक्कम. म्हणून लोकांनी लिव्ह अँड लायसन्सची वाट काढली, तर १९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन, १ फेब्रुवारीला ज्यांचा असा करार चालू होता ते सगळे संरक्षित भाडेकरू ठरले. त्या धसक्याने घरं मिटली. "एकदा आत आलेला माणूस बाहेर जात नाही," वकील म्हणाले, आणि त्यांच्या मागच्या बंद दाराकडे माझी नजर गेली तशी त्यांनी कप उचलून बाजूला ठेवला. मला त्यांचा राग आला नाही. भीतीलाही बंद खोलीसारखाच वास असतो, जुना, कोंडलेला, आणि आत राहणाऱ्याला तो कळत नाही.

याच शहरात माणसांनी माणसांना कशी जागा करून दिली तेही मी त्याच पावसाळ्यात पाहिलं. प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आणि पुढे १९२० च्या दशकात बीडीडीने बांधलेल्या चाळी, वरळीच्या, नायगावच्या, डिलाईल रोडच्या, शिवडीच्या. खोली साधारण १६० चौरस फुटांची, आणि तीत एका वेळी कितीतरी माणसं. गिरण्या चालू होत्या तेव्हा दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच जागी पथारी टाके. कोकणातल्या कित्येक गावांनी मुंबईत आपापली गावकीची खोली धरली होती. गावचा कुणीही आला तरी त्या खोलीत त्याची ट्रंक ठेवायला भिंतीशी हातभर जागा असायची, आणि जेवायला जवळच कुणा मावशीची खानावळ. गोव्याच्या लोकांचे कूड तसेच, धोबीतलावाच्या बाजूला. बोटीवर नोकरी लागेपर्यंत आपल्या गावच्या कुडात राहायचं. तिथे "गाव कोणतं?" हा प्रश्न पुन्हा माझ्या लहानपणीच्या अर्थाने विचारला जाई. नाशिकची अशी खोली मुंबईत मला तरी सापडली नाही. नाशिक फार जवळ. संध्याकाळी परत जाता येतं, म्हणून कुणी खोली धरलीच नसावी.

आणि गाडगेबाबांची धर्मशाळा. नाशिकला गंगेच्या काठी ती मी रोज पाहत वाढले होते. दादरला तिच्याच नावाची पाटी दिसली आणि मी चालता चालता थांबले. आत टाटा हॉस्पिटलात उपचाराला आलेले कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांची माणसं राहत होती. कुणी वऱ्हाडातलं, कुणी बिहारमधलं. एका बाईने दोरीवर लुगडं वाळत टाकलं होतं आणि त्याच्या आडोशाला ती नवऱ्याला भात भरवत होती. आपल्याला खोली मिळत नाही हे दुःख त्या दिवशी मला माझ्यापुरतं फार लहान वाटलं.

शेवटी जागा मिळाली ती गिरगावात, ठाकूरद्वारच्या बाजूला, एका आजींकडे. खोली म्हणता येणार नाही. चाळीतल्या त्यांच्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीला लागून जी गॅलरी होती तिला लाकडी पट्ट्यांची जाळी आणि मेणकापड लावून आडोसा केलेला, त्यात एक लोखंडी खाट. त्यांचा मुलगा दुबईला गेल्यापासून तो भाग बंदच होता. जाळीचं दार त्यांनी ढकललं आणि तो वास आला, ओल्या मेणकापडाचा, गंजाचा, जुन्या पुस्तकांचा. मी नेहमीसारखी प्रश्नांची वाट पाहत उभी राहिले. "गाव कोणतं?" आजींनी विचारलं. मी सांगितलं. त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "यांच्या अस्थी तिथेच, रामकुंडात. माडीवर उतरलो होतो कुणाच्या तरी. पाऊस होता. त्या बाईंनी मला रात्री दूध आणून दिलं होतं, मी मागितलं नव्हतं." आणि खाटेवरची पुस्तकं उचलायला लागल्या.

ती माडी आमचीच असेल असं मी कधी मानलं नाही, विचारलंही नाही. पंचवटीत अशा माड्या घरोघरी होत्या आणि न मागता दूध देणाऱ्या बायकाही. पण त्या संध्याकाळी आजी सारवायच्या ऐवजी फडक्याने फरशी पुसत होत्या, मी केरसुणी घेतली होती, मेणकापड गुंडाळून वर बांधलं तशी चौपाटीकडून वाऱ्याची झुळूक आली, आणि खोलीने श्वास घेतला. मी तिथे लग्न होईपर्यंत राहिले. करार कधी झाला नाही. आजी महिन्याच्या पैशांची पावती मात्र न चुकता देत, जुन्या वहीच्या पानावर, 'जेवणासकट' असं लिहून.

आता मी परत नाशिकला आहे. वाडा पाडून त्या जागी इमारत उभी राहिली, काकू गेल्या, गुरुजींच्या चोपड्या त्यांच्या मुलाकडे आहेत. आम्ही गंगापूर रोडला राहतो. आमच्या जिन्यात समोरासमोर दोन फ्लॅट वर्षानुवर्षं बंद आहेत. मालक मुंबईचे आहेत, निवृत्तीनंतर राहायला येऊ म्हणून घेतलेले, आणि ते येणं पुढे पुढे जातं आहे. दर जूनला धुळ्याची, नंदुरबारची, सटाण्याची मुलं-मुली वडिलांबरोबर आमच्या फाटकाशी येऊन वॉचमनला विचारतात, "इथे एखादी रूम भाड्याने मिळेल का?" तो वर बोट करून सांगतो, "बंद आहेत." वडील पुढच्या फाटकाकडे वळतात. त्यांच्या पिशवीत घरची शिदोरी असते, हे मला खिडकीतूनही कळतं. मुंबईत तर हे आणखी मोठ्या मापाने चाललं आहे. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत एकट्या मुंबईत ४.८ लाख घरं रिकामी असल्याची नोंद होती, देशातल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. एवढ्या खोल्यांत तो वास भरून राहिलेला, आणि खाली रस्त्यावर किल्ली शोधणारी माणसं.

म्हणून ज्यांच्या नावावर असं एखादं कुलूप आहे त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. १९७३ चा तो धसका आता मनातून काढून टाका. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्रात नवा भाडे नियंत्रण कायदा लागू आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवून घेतला, तर मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्याची सोय त्याच कायद्यात आहे. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर अडून बसणाऱ्याला दुप्पट रक्कम भरावी लागते. अकरा महिन्यांचा करार करा, पोलिसांत माहिती द्या, जरूर तेवढं डिपॉझिट घ्या. मुलीला एकटी का म्हणून विचारू नका. आडनावापाशी थांबू नका. नाशिकच्या मंडळींना तर विशेष सांगते, २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, तेव्हा घरं उघडालच. त्याच्या आधी या जूनमध्ये, कॉलेजं सुरू व्हायच्या आत, एका मुलासाठी किंवा मुलीसाठी उघडा.